दहाव्या वर्षीचा प्रश्न तिसऱ्या वर्षी : मुलाच्या पहिल्या शाळेचा इतिहास



मागच्या महिन्यात बंगळुरूहून एका श्रोत्याचा संदेश आला. मूळचे सांगलीकडचे. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, मुलीला नुकतीच अडीच वर्षं पूर्ण झाली आहेत. त्यांनी लिहिलं होतं : ‘सर, आमच्या सोसायटीत सगळ्यांचे नर्सरीचे फॉर्म भरून झाले. आम्ही अजून ठरवतोय. घराजवळची छोटी शाळा बघितली, बसने पाऊण तास लागणारी नावाजलेली शाळा बघितली. एका ठिकाणी मुलीशी “गप्पा” मारल्या, एका ठिकाणी आम्हा दोघांशी. घरी आम्ही मराठी बोलतो, खाली खेळायला गेली की हिंदी, कामवाल्या मावशी कन्नड बोलतात आणि शाळा इंग्रजी. रात्री झोप येत नाही. आमच्या आई-वडलांना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. इतिहासात याचं काही उत्तर आहे का?’

कुठली शाळा निवडावी, याचं उत्तर इतिहासात नाही. पण हा प्रश्न कुठून आला आणि तो अडीच वर्षांच्या मुलीच्या आई-बापांची झोप का उडवतो, याचं उत्तर आहे. शेवटचं वाक्य तर त्यांनी अगदी बरोबर लिहिलंय. त्यांच्या आई-वडलांना हा प्रश्न पडला असेलही, पण इतक्या लवकर पडला नाही. आज आपण हेच बघणार आहोत. आपल्याकडे ‘मुलाला कुठल्या शाळेत घालायचं’ हा निर्णय आधी दहाव्या वर्षी व्हायचा, मग सहाव्या, आणि आता तिसऱ्या. हे वय खाली कसं सरकत आलं, त्याची ही गोष्ट.

निवड नव्हतीच तेव्हा

सुरुवात करू पंतोजीपासून. इंग्रजी अमलाआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं गावातली शाळा म्हणजे पंतोजीची शाळा. कुणाच्या ओसरीवर, देवळात किंवा चावडीत भरायची. धुळाक्षरं, मग बाळबोध, मग मोडी. पाढे, पावकी, निमकी, दिडकी, औटकी. पंतोजीला पगार नव्हता. घरोघरचं धान्य, सणाला शिधा, थोडे पैसे. मुलाचं नाव घालायचं तर चांगला दिवस बघायचा, पाटीपूजन करायचं, ‘ओनामासीधं’ गिरवायला लावायचं आणि मूल शाळेत. कुठली शाळा, हा प्रश्नच नव्हता. गावात असेल ती.

पण ‘निवड नव्हती’ हे ऐकून हळवं होण्याचं कारण नाही. कारण ही शाळाही सगळ्यांची नव्हती. मुलींना ती नव्हती. अस्पृश्य मानलेल्या जातींना नव्हती. शेतकरी, कारागीर यांची मुलं फार थोडी असत. हिशेब आणि कागदपत्रं ज्यांच्या कामाची, त्यांची मुलं तिथे बसत. इतरांसाठी शाळा निवडण्याचा नव्हे, शाळेचं दार उघडण्याचाच प्रश्न होता.

हे दार उघडायला किती जोर लागला, याची एक घटना सांगतो. बंगळुरूच्या श्रोत्यांना ती जवळची वाटेल, कारण ती आजच्या कर्नाटकातली आहे. १८५६ साल. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथल्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. शाळेने नाकारला. प्रकरण मुंबई सरकारकडे गेलं. सरकारचं म्हणणं असं पडलं की न्याय या मुलाच्या बाजूने आहे हे खरं, पण त्याला घेतलं तर बाकीची मुलं शाळा सोडतील आणि शाळाच निरुपयोगी होईल. म्हणजे तत्त्व मान्य, प्रवेश नाही. हे उत्तर वरच्या सरकारला पटलं नाही, पत्रव्यवहार पार लंडनपर्यंत गेला, आणि १८५८ मध्ये मुंबई सरकारला जाहीर करावं लागलं की संपूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या राहतील. कागदावर तरी दार उघडलं.

या घटनेतला एक मुद्दा ध्यानात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे. ‘याला घेतलं तर बाकीचे निघून जातील.’ शाळा कुणी निवडायची आणि कुणी सोडून जायची, ही ताकद कुणाकडे होती, हे त्या एका वाक्यात दिसतं.

याच काळात पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली. मुंबईत स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुणांनी १८४९ पासून मुलींच्या शाळा काढल्या, आणि जगन्नाथ शंकरशेटांनी गिरगावात आपल्या जागेत अशा एका शाळेला आसरा दिला. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी मागणी केली की निदान बाराव्या वर्षापर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. गोखल्यांनी १९११ मध्ये असंच विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडलं होतं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं.

या सगळ्यांच्या डोक्यात शाळा म्हणजे वस्तीतली, गावातली, सगळ्यांची शाळा होती. चांगली शाळा शोधून आपलं मूल तिथे घालायचं, असा विचार त्यात नव्हता.

इंग्रजी पहिली

मग निवडीचा प्रश्न आला कधी? तो आला भाषेच्या वाटेने, आणि आला मुलाच्या नवव्या-दहाव्या वर्षी.

मॅकॉलेचा १८३५चा खलिता आपल्याला माहीत असतो. मुंबई इलाख्यातला वाद मात्र फारसा सांगितला जात नाही. १८४०च्या दशकात इथल्या शिक्षण मंडळात दोन तट पडले. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी म्हणत होते की पैसा इंग्रजी शिक्षणावर खर्च करा. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा आणि कर्नल जर्व्हिस म्हणत होते की लोकांपर्यंत शिक्षण पोचवायचं तर ते लोकभाषेतूनच पोचेल. एक मराठी, एक पारशी, एक मुसलमान आणि एक इंग्रज एका बाजूला, समोर दुसरा इंग्रज. भाषेचा प्रश्न तेव्हाही देशी विरुद्ध विदेशी इतका सोपा नव्हता.

यातून हळूहळू जी व्यवस्था बसली, ती आजच्या पालकांनी जरूर समजून घ्यावी. मुलाने आधी मराठी चार इयत्ता करायच्या. त्यानंतर रस्ता फुटायचा. एक रस्ता मराठी शाळेतच पुढे जायचा, सातवीपर्यंत. व्हर्नाक्युलर फायनल झाला की मास्तरकी, तलाठ्याची नोकरी. दुसरा रस्ता ‘इंग्रजी पहिली’चा. म्हणजे मराठी चौथी झालेला दहा वर्षांचा मुलगा इंग्रजी शाळेत पुन्हा पहिलीत बसायचा आणि इंग्रजी सातवीला मॅट्रिक व्हायचा. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी ‘मी इंग्रजी तिसरीत होतो’ असं यायचं, ते यामुळे.

इंग्रजी शाळा तालुक्याला किंवा जिल्ह्याला असायची. मग मुलाला मामाकडे ठेवायचं की वार लावून द्यायचे, फी कुठून आणायची, थोरल्याला पाठवायचं की धाकट्याला, आणि मुलीला तर पाठवायचं का, असे प्रश्न घराघरांत पडत. हा खरा शाळा-निवडीचा प्रसंग. पण तो येईपर्यंत मुलाला आपल्या भाषेत वाचता, लिहिता आणि हिशेब करता येत असे.

साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका नऊ वर्षांच्या मुलाचं नाव इंग्रजी पहिलीत दाखल झालं. भीमराव रामजी आंबेडकर. सुभेदार रामजी निवृत्त लष्करी शिक्षक होते. मुलाने इंग्रजी शिकावं ही त्यांची निवड. पण वर्गात भीमरावांना वेगळं, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावं लागे आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणी मिळत नसे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. धारवाडच्या त्या कागदी निर्णयानंतर बेचाळीस वर्षांनी दार उघडं होतं आणि आत गोणपाट होतं. १९०४च्या सुमारास हे कुटुंब मुंबईला आलं, परळच्या चाळीत एका खोलीत राहिलं, आणि रामजींनी मुलाला शेवटी एल्फिन्स्टन हायस्कुलात घातलं. मोठ्या शहरात येऊन, ऐपतीच्या पलीकडे जाऊन, मुलासाठी शाळा निवडणारा बाप बघायचा असेल तर रामजी सकपाळांकडे बघावं. आजच्या पालकाच्या धडपडीला कुणी ‘हौस’ म्हणून हसलं, तर मला हे उदाहरण आठवतं. शाळेची निवड हा पुष्कळ घरांसाठी पिढ्यांची कोंडी फोडायचा एकमेव मार्ग होता, अजूनही आहे.

तीन वर्षांचं मूल शाळेत आलं कसं?

आता गोष्टीचं दुसरं टोक. तीन वर्षांच्या मुलाला शाळेत घालायची कल्पना आली कुठून? इथे बरेच लोक म्हणतात की हे सगळं धंदेवाल्यांनी केलं. तसं नाही. ती आली अतिशय चांगल्या माणसांकडून, आणि फार चांगल्या हेतूने.

युरोपात फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांची शाळा काढली आणि तिला पुढे ‘किंडरगार्टन’ म्हणजे मुलांची बाग असं नाव दिलं. मारिया माँटेसरीने ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं. कुठे? सान लोरेन्झो नावाच्या मजुरांच्या गरीब वस्तीत. आई-बाप कामावर गेले की मुलं चाळीच्या भिंती आणि जिने खराब करायची, म्हणून इमारतवाल्यांना ती कुठेतरी बसवायची होती! आज ‘माँटेसरी’ ही पाटी दिसली की आपण आधी फी विचारतो. पण ती पद्धत जन्मली कामगारांच्या पोरांसाठी.

आपल्याकडे ही कल्पना रुजवली गिजुभाई बधेकांनी. गिजुभाई वकील होते. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि याला कुठे शिकवायचं, कसं वाढवायचं, या विचाराने ते बालशिक्षणाकडे वळले. माँटेसरीबद्दल वाचलं. वकिली सोडून १९१६ मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये तिथे बालमंदिर सुरू केलं. बंगळुरूच्या आपल्या श्रोत्यासारखाच बापाचा प्रश्न; पण मनासारखी शाळा नाही म्हटल्यावर या बापाने शाळाच काढली, आणि ती स्वतःच्या मुलापुरती ठेवली नाही.

१९२३ मध्ये ताराबाई मोडक भावनगरला गेल्या. मुंबईत शिकलेल्या, राजकोटला महिला प्रशिक्षण महाविद्यालयात मोठ्या पदावर काम केलेल्या बाई. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई मुंबईत आल्या आणि दादरला शिशुविहार सुरू झालं. शहरातल्या मध्यमवर्गीय मराठी घरांना बालवाडी ही गोष्ट इथून ओळखीची झाली. मार नाही, धाक नाही, पाठांतर नाही. गाणी, गोष्टी, हातांना काम. पंतोजीच्या छडीखाली वाढलेल्या आई-बापांना हे नवल वाटलं असणार.

पण ताराबाईंना एक गोष्ट खटकत होती. हे सगळं शहरातल्या खाऊनपिऊन सुखी मुलांपर्यंतच पोचत होतं. म्हणून १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. सोबत अनुताई वाघ. आदिवासी पाड्यांवर मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायका बालवाडी घेऊन मुलांच्या अंगणात गेल्या. तीच ‘अंगणवाडी’. महागडी साधनं नव्हती, तर शिंपले, बिया, खडे वापरले. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज तमिळनाडूपासून आसामपर्यंत सरकारी कागदांवर हा शब्द आहे. तो घडला आपल्या पालघरच्या किनाऱ्यावर, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं?

म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला घराबाहेर, इतर मुलांत, प्रेमाने वाढवायची जागा असावी हा विचार आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच रुजला. त्यात प्रवेशाची स्पर्धा नव्हती. मूल आलं नाही तर शाळेने त्याच्याकडे जायचं, अशी ती रीत होती.

इयत्ता घसरत गेली

मग ही जागा चाचणीची कशी झाली? दोन गोष्टी एकत्र आल्या. इंग्रजी खाली सरकत आली, आणि शहरातल्या शाळांपुढे रांग लागली.

इंग्रजी खाली कशी आली बघा. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने इंग्रजी आठवीपासून शिकवायचं ठरवलं. पुढे महाराष्ट्रात ती पाचवीपासून आली. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, सर्व मराठी शाळांत पहिलीपासून आली. आठवी, पाचवी, पहिली. सरकारी शाळेत असा प्रवास चालू असताना ज्यांना परवडत होतं त्यांनी वाटच बघितली नाही. ते आधीच इंग्रजी माध्यमाकडे गेले होते, आणि माध्यम पकडायचं तर पहिल्या पायरीवर पकडावं लागतं. शाळा नर्सरीत भरते, पहिलीत जागा उरत नाहीत. म्हणून पूर्वी दहाव्या वर्षी ठरायची ती भाषा आता तिसऱ्या वर्षी ठरू लागली.

सरकारांनी हे थांबवायचा प्रयत्न केला नाही, असं नाही. १९५४ मध्ये मुंबई सरकारने हुकूम काढला की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाच्या मुलांशिवाय इतरांना घेऊ नये. देवळालीच्या बार्न्स स्कूलचं प्रकरण न्यायालयात गेलं. पालकही गेले. उच्च न्यायालयाने हुकूम रद्द केला आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. बरोबर साठ वर्षांनी, मे २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयापुढे कर्नाटकाचं प्रकरण होतं. कर्नाटक सरकारने १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून सक्तीचं करायचं ठरवलं होतं. न्यायालय म्हणालं की प्राथमिक शाळेत माध्यम निवडण्याचा हक्क मुलाच्या वतीने पालकाचा आहे, सरकार ते लादू शकत नाही. साठ वर्षांच्या अंतराने दोन राज्यांना एकच उत्तर मिळालं. निवड पालकाची. हक्क मिळाला, आणि त्याबरोबर झोप न येण्याची जबाबदारीही मिळाली.

त्याच वेळी महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी राज्यघटनेत एक कलम आहे, ३५०-क. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असं ते सांगतं. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचनेबरोबर ते आलं. हैदराबादची विवेकवर्धिनी, दिल्लीत पहाडगंजचं नूतन मराठी विद्यालय, अशा संस्था आपल्या लोकांनी उभ्या केल्या. पण बंगळुरूच्या नव्या उपनगरात आज मराठी शाळा शोधून मिळणार नाही. तिथे मुलगी कन्नड शिकेल, आणि शिकावीच.

तीन वर्षांच्या मुलाची मुलाखत

आता रांगेचा भाग. १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगाने देशाच्या शिक्षणाचा आढावा घेतला. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूरकडचे आपले मराठी गृहस्थ. या आयोगाने ‘शेजारशाळा’ सुचवली. एका वस्तीतली सगळी मुलं, कारकुनाची आणि कारखानदाराची, एकाच शाळेत जातील. आयोगाचं म्हणणं साधं होतं : ज्यांचा आवाज ऐकला जातो त्यांची मुलं सार्वजनिक शाळेत असतील, तरच ती शाळा सुधारेल. हे अमलात आलं नाही. शहरात ज्यांना जमलं ते सार्वजनिक शाळेतून निघून गेले. धारवाडला १८५६ मध्ये ‘बाकीचे निघून जातील’ अशी भीती घातली गेली होती. शंभर वर्षांनी, कुणी काही न म्हणता, तसंच झालं.

मुंबई महापालिकेचं उदाहरण घ्या. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी अशा आठ भाषांत प्राथमिक शाळा चालवणारी ही महापालिका. धारावीतल्या तमिळ मुलाला तमिळमध्ये शिकता येईल, अशी ही सोय. पण शहरातला मध्यमवर्ग गेला, तशी पटसंख्या उतरत गेली.

आणि ज्या शाळांपुढे रांग लागली, त्यांनी मुलं निवडायला सुरुवात केली. खासदार असलेले लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेत दप्तराच्या ओझ्यावर बोलून सगळ्यांना हलवलं. त्यातून नेमलेल्या यशपाल समितीने १९९३ मध्ये ओझ्याबरोबर नर्सरीच्या चाचण्या आणि मुलाखतींवरही बोट ठेवलं. तरी मुलाखती चालूच. २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गांगुली समिती नेमली, तिने मुलाखतीऐवजी गुण सुचवले : घर किती जवळ, भावंडं त्याच शाळेत आहेत का, आई-वडील माजी विद्यार्थी आहेत का. शाळांनी आपापले निकष वाढवत नेले. जानेवारी २०१६ मध्ये दिल्ली सरकारने त्यातले ६२ निकष रद्द केले. त्यात पालक दारू-सिगारेट पितात का, मांसाहार करतात का, असेही निकष होते! यादीतले काही निकष पुढे न्यायालयात पुन्हा वादात गेले. त्याआधी डिसेंबर २०१३ मध्ये शंभरपैकी सत्तर गुण शेजारच्या मुलांना द्यायचं ठरलं होतं, तेही २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केलं. शेजार हा निकष प्रत्येक वेळी आला आणि मागे सरला.

शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने देणगी आणि मुलाची किंवा पालकाची चाळणी यांवर बंदी घातली, आणि खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना ठेवल्या. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी ते मान्य केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेवर ही जबाबदारी नाही. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. वाद पुन्हा तोच होता. आपल्या मुलाच्या बाकावर कोण बसणार?

मात्र या कायद्याचं वय सहा ते चौदा आहे. तीन ते सहा या वयाबद्दल तो सांगतो की सरकार सोय करू शकतं. म्हणून सगळ्यात कोवळ्या वयाच्या वाट्याला सगळ्यात पातळ संरक्षण आहे, आणि सगळ्यात जाड बाजार नेमका तिथेच आहे.

बंगळुरूच्या आई-बाबांना

तर मंडळी, आता त्या दोघांना काय सांगायचं?

पहिली गोष्ट, तुमची झोप उडाली यात तुमचा दोष नाही. दोनशे वर्षं समाजाने जे प्रश्न सरकारदरबारी, न्यायालयात, आयोगांत सोडवायचे राहून गेले, ते सगळे आता तुमच्या जेवणाच्या टेबलावर, एका फॉर्मच्या रूपात आले आहेत. ते दोघांनी मिळून एका रात्रीत सुटणार नाहीत.

दुसरी गोष्ट भाषेची. पूर्वी शाळा मुलाला त्याची भाषा लिहा-वाचायला देत असे आणि मग इंग्रजीकडे पाठवत असे. आता पहिलं काम शाळा करणार नाही, ते तुम्हाला करावं लागेल. रोज रात्री एक मराठी गोष्ट, आजीशी रोजचा फोन, बाराखडीचं एखादं पुस्तक. यासाठी वेळ हवा. बसचा पाऊण तास जाताना आणि पाऊण तास येताना, म्हणजे रोजचा दीड तास. गोष्टीचा वेळ तिथेच जातो का, हा हिशेब करा. मी तुमच्या जागी असतो तर घराजवळची शाळा आधी नीट बघितली असती. पाटी आणि निकाल बघू नका. सुटायच्या वेळी फाटकाशी उभे राहा आणि मुलं कशी बाहेर येतात ते बघा. शिकवणाऱ्या बाई तिथे किती वर्षं आहेत ते विचारा. दरवर्षी बाई बदलत असतील तर माँटेसरीचं लाकडी सामान काही कामाचं नाही. मूल रडलं तर काय करता, हे विचारा. गिजुभाई आणि ताराबाईंच्या शाळेची ओळख याच गोष्टींत होती.

तिसरी गोष्ट, तिच्या शेजारी कोण बसतं ते बघा. तुमच्याकडे काम करणाऱ्या, कन्नड बोलणाऱ्या मावशींचा उल्लेख तुम्ही केलात. त्यांची नात कुठल्या शाळेत जाते, हे तुम्हाला माहीत आहे का? कदाचित तुमच्या सोसायटीच्या मागेच अंगणवाडी असेल. तिथेच घाला असं मी म्हणत नाही. एकट्या पालकाने मुलीच्या जिवावर समाजसुधारणा करावी, असं सांगणं सोपं असतं, आणि रामजी सकपाळांनीही तसं केलं नाही. पण एकदा जाऊन बघा. नर्सरी निवडताना पंचवीस टक्क्यांच्या मुलांना ती शाळा कसं वागवते, हेही विचारा. वेगळी तुकडी, वेगळी वेळ असेल तर ते आजचं गोणपाट आहे. आपली मुलगी सतरंजीवर असली, तरी गोणपाट असलेल्या वर्गातच ती शिकणार असते.

आणि शेवटचं. भीमराव इंग्रजी पहिलीत गेले तेव्हा नऊ वर्षांचे होते. गिजुभाईंच्या बालमंदिरातल्या मुलांनी तिसऱ्या वर्षी काय ‘निवडलं’ हे कुणी विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी घेतलेला निर्णय सहाव्या वर्षी बदलता येतो, दहाव्याही वर्षी येतो. फॉर्मची तारीख जाते, मूल कुठे जात नाही.

तुमच्या घरात हा निर्णय कोणत्या वयात झाला, आजोबांचा, आईचा, तुमचा, ते मला लिहून पाठवा. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, दिल्ली, जिथे असाल तिथून. तीन पिढ्यांची तीन वयं एका ओळीत लिहा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.